पाच प्रयोगांची यादी

ऑक्टोबर लागला की आमच्या तेलुक इंतानमध्ये देवाची आठवण काढणाऱ्यांची संख्या वाढते. मशिदीत, देवळात, चर्चमध्ये पाचव्या फॉर्मची, म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षाची मुलं दिसू लागतात, आणि जी तिथे दिसत नाहीत ती चेगू बद्रुल हिशाम यांच्या प्रयोगशाळेबाहेर दिसतात. चेगू म्हणजे गुरुजी. बाई असोत की बुवा, आमच्याकडे दोघांनाही चेगूच म्हणतात.

एसपीएम ही शाळेची शेवटची परीक्षा. तिच्यातला फिझिक्सचा तिसरा पेपर प्रयोगांचा. त्याच्या शेवटी दोन प्रश्न येतात, त्यातला एक सोडवायचा: प्रयोग आखून दाखवा. अनुमान, गृहीतक, हेतू, चल, साहित्य, कृती, तक्ता, आलेख. गुण बारा. पुस्तकात असे प्रयोग छत्तीस आहेत. छत्तीसच्या छत्तीस पाठ करणारं मूल आमच्या जिल्ह्यात अजून जन्मलेलं नाही, आणि जन्मलं तर ते क्वालालंपूरला जाईल. म्हणून यादी लागते. छत्तीसातले पाच करायचे, बाकीचे देवावर सोडायचे.

ही यादी गेली एकोणीस वर्षं चेगू बद्रुल काढत होते. प्रयोगशाळेमागच्या कोठारात, दाराच्या आतल्या बाजूला, त्यांनी माहजोंगचा मोठा कागद लावला होता. हा कागद जुगाराच्या टेबलावर अंथरण्यासाठी बनतो, पण आमच्या शाळांनी त्याचे एवढे तक्ते केलेत की जुगारी लोकांना तो उरत असेल की नाही कोण जाणे. उभ्या रकान्यांत वर्षं, आडव्या ओळींत प्रयोग. जो ज्या वर्षी आला तिथे लाल ठिपका. शिवाय दर राज्य सप्टेंबरात आपापली सराव परीक्षा घेतं. तेरेंगानूनं जे विचारलं ते एसपीएम घेणारं शिक्षण मंत्रालय टाळतं आणि जोहोरनं जे विचारलं ते उचलतं, असा चेगूंचा सिद्धांत होता. शेवटच्या राज्याचा पेपर हाती आला की त्यानंतरच्या शनिवारी शाळेच्या सभागृहात ते यादी वाचत. दुसऱ्या दोन शाळांची मुलंसुद्धा येत. एकोणीस वर्षांत चौदा वेळा पाचपैकी एक तरी लागला होता. उरलेली पाच वर्षं मंत्रालयाची चुकली होती.

गावात त्यांना कौतुकानं बोमोह म्हणत, म्हणजे मंत्र घालणारा भगत. चेगू म्हणत, "असं बोलू नये, हे शास्त्र आहे." आणि पुन्हा कोणी म्हणेल म्हणून जरा थांबत.

जानेवारीत पेनांगहून चेगू ओंग हुई मिन बदलून आल्या. वय अठ्ठावीस. चेगू बद्रुल शाळेत त्यांचा उल्लेख 'त्या' असा करत आणि घरी 'ती पोरगी' असा. पहिल्याच महिन्यात तिनं लाटांच्या टाकीची मोटर दुरुस्त केली. ही मोटर चेगूंनी सात वर्षांपूर्वी मृत घोषित केली होती आणि तसा कागदही सहीनिशी पाठवला होता. कागदावर मेलेली मोटर आता प्रयोगशाळेत गुरगुरत होती, आणि मुलं टाळ्या वाजवत होती. मार्चमध्ये तिच्या वर्गातून हसण्याचे आवाज येऊ लागले. फिझिक्सच्या वर्गात हसण्यासारखं काय असतं, हे चेगूंना तीस वर्षांत सापडलं नव्हतं. जूनमध्ये त्यांच्या लक्षात आलं की त्या बाई डबा खाताना उभ्याच असतात, कारण भोवती पोरं असतात. चेगूंच्या डब्याभोवती माशा असत.

ओंगबाई काही बोलायला जवळ आल्या की चेगू वह्यांचा गठ्ठा उचलत आणि कामाला निघत. वह्या कधी आपल्या असत, कधी दुसऱ्याच्या.

मग एका गुरुवारी, कँटीनमध्ये, जीवशास्त्राच्या चेगू फौझिया समोर येऊन बसल्या. फौझियाबाईंचा स्वभाव असा की वाईट बातमी त्यांना पचत नसे. लगेच दुसऱ्याला द्यावी लागे.

"चेगू, पाहिलंत का?"

"काय?"

"नाही पाहिलंत. मग मी नाही सांगत."

"नका सांगू."

"ओंगनं यादी टाकलीये. टेलिग्रामवर. सकाळी चारशे पोरं होती त्या ग्रुपवर, आता अठराशे झालीत. इपोहची पण आहेत म्हणे."

चेगूंनी चहा ढवळला. साखर केव्हाच विरघळली होती.

"तेरेंगानूचा पेपर अजून आला नाही," ते म्हणाले. "त्याच्याआधी यादी काढणं म्हणजे खिचडी शिजायच्या आत वाढणं."

"बघा तरी."

"मी दुसऱ्यांच्या याद्या बघत नाही."

"हो, हो," फौझियाबाई उठताना म्हणाल्या. "माझी सासूपण दुसऱ्यांच्या सुनांकडे बघत नाही."

शुक्रवारी तेरेंगानूचा पेपर आला. नमाज उरकून चेगू थेट कोठारात गेले, दार आतून लावलं, आणि लाल पेन घेऊन तक्त्यासमोर उभे राहिले. हे काम त्यांनी मन लावून केलं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. दीड तासानं पाच नावं निघाली. तारेची लांबी आणि रोध: सहा वर्षं रिकामं. बहिर्वक्र भिंग: पाच वर्षं. विद्युतचुंबकाचे वेढे आणि उचललेल्या टाचण्या. पाण्याची खोली आणि दाब. वस्तुमान आणि तापमानातली वाढ. सुंदर यादी होती. एकोणीस वर्षांत इतकी ठणठणीत यादी निघाली नव्हती. चेगूंनी ती पाकिटात घातली, पाकीट खिशात घातलं, आणि आता काही हरकत नाही अशा मोठ्या मनानं फोन उघडला.

तारेची लांबी आणि रोध. बहिर्वक्र भिंग. विद्युतचुंबक. पाण्याची खोली. वस्तुमान आणि तापमान.

क्रमसुद्धा तोच.

चेगू स्टुलावर बसले. ती चुकली असती तर ते तिला क्षमा करू शकले असते. तशी तयारीही होती. क्षमेची दोन वाक्यं त्यांनी सकाळी दाढी करताना जुळवून ठेवली होती. पण ती बरोबर होती. आणि कोणत्या हिशोबानं? नऊ महिने झाले येऊन. एकोणीस वर्षांचे ठिपके एकीकडे आणि ही पोरगी एकीकडे, आणि उत्तर एकच.

घरी बायकोला, रुकायाला, त्यांनी सगळं सांगितलं. ती केळी तळत होती.

"मग चांगलं झालं की, अबांग," ती म्हणाली. नवऱ्याला आमच्याकडे अबांग म्हणतात; त्याचा खरा अर्थ मोठा भाऊ, आणि रुकाया तो त्याच अर्थानं वापरते की काय असं चेगूंना कधीकधी वाटे. "दोघांचं एकच आलं म्हणजे पक्कं आलं."

"उद्या मी हीच यादी वाचली तर लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

"म्हातारा पोरीची यादी उतरवतो म्हणतील."

"मग नका वाचू. सांगा, ओंगची यादी बरोबर आहे, घरी जा."

चेगूंनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तिनं कढईतल्या केळ्यांकडे लक्ष दिलं. "किंवा वाचा बाई काहीतरी," ती पुटपुटली. "तुम्हाला नेहमी काहीतरी सुचतंच."

शनिवारी सभागृह अर्धं भरलं होतं. गेल्या वर्षी मागे उभं राहावं लागलं होतं. चेगू व्यासपीठावर चढले, खिशातल्या पाकिटाला हात लावला, आणि ते तिथेच राहू दिलं. मग त्यांनी पाच दुसरीच नावं वाचली. लंबकाची लांबी. स्प्रिंगचा ताण. वायूचा दाब आणि आकारमान. पाण्यातून वर दिसणारं नाणं. करवतीच्या पात्याला लावलेला मातीचा गोळा. यांतले तीन गेल्या चार वर्षांत येऊन गेलेले, आणि उरलेले दोन कधी यायचेच नव्हते. चेगूंना हे जेवढं ठाऊक होतं तेवढं देशात दुसऱ्या कोणाला नव्हतं. फक्त एकीला असावं, आणि तिच्यामुळेच तर हे चाललं होतं.

कारणं मात्र त्यांनी छान दिली. लंबक का येणार यावर ते दहा मिनिटं बोलले, आणि शेवटी शेवटी त्यांना स्वतःलाच थोडंसं पटलं.

खाली उतरल्यावर थिलगवती आली. पाचव्या फॉर्मची, उंच, शांत मुलगी. आईबरोबर बाजाराच्या शेडमध्ये पुटू मायमची गाडी चालवते, म्हणजे वाफवलेल्या शेवया, खोबरं आणि गूळ. सराव परीक्षेत तिला फिझिक्समध्ये एक्केचाळीस होते. क्ष-किरणांच्या डिप्लोमाला पन्नास लागत. फॉर्म भरून ठेवला होता.

"चेगू, मी तुमचीच करणार," ती म्हणाली. "बाकीचे दोन्ही करतायत. तुमचे पाच, चेगू ओंगचे पाच. मला एवढा वेळ नाही. गाडीवर मधे गिऱ्हाईक नसतं तेवढ्यात होतं ते होतं. म्हणून ठरवलं, एकाचीच करायची."

"का पण माझीच?" चेगूंनी विचारलं. विचारू नये ते विचारून बसण्याची त्यांना सवय नव्हती, पण कौतुक ऐकायची होती.

"माझ्या अक्काला तुमच्या यादीवरच लागलं होतं. सहा वर्षांपूर्वी. ओंगची मी काढूनच टाकली फोनमधून. उगाच मन चळतं."

चेगूंना इतकं बरं वाटलं की ते घरी जाताना सायकलरिक्षावाल्याशी स्वतःहून बोलले. एक मुलगी. अठराशे तिकडे आणि एक इकडे, पण ही एक निवड करून आलेली. केळ्याच्या दुकानापर्यंत हा आनंद टिकला. मग त्यांना आठवलं की ती काय पाठ करणार आहे.

सोमवारी त्यांनी ते विसरण्याचं ठरवलं. मंगळवारी ओंगबाईंनी त्यांना कोठारात गाठलं. तिथे वह्या नव्हत्या.

"चेगू, दोन मिनिटं. गेले दोन महिने बोलायचंय, तुम्ही सारखे कामात."

"काम तर असतंच."

"तुमची यादी ऐकली. वेगळीच आली. मुलांचं बरं झालं, दहा झाले." बाईंनी तक्त्याकडे पाहिलं. "मला एक कळलं नाही. भिंग का गाळलंत? इथे तर पाच वर्षं रिकामं आहे. आणि तार सहा."

"तुम्ही हा तक्ता वाचलात?"

"वाचला म्हणजे? मी यादी याच्यावरूनच काढली. लाटांच्या मोटरचे स्क्रू शोधायला आले होते तेव्हा फोटो काढला. तुम्हाला विचारायला हवं होतं, तेच सांगायचं होतं. एवढं पद्धतशीर काम मी कुठे बघितलं नाही, चेगू. मी फक्त रिकाम्या जागा मोजल्या. तेरेंगानूचा पेपर मावशीच्या मुलीनं आधीच पाठवला होता, तेवढंच माझं."

चेगूंना बसावंसं वाटलं, पण स्टुलावर प्रयोगाची छोटी ट्रॉली ठेवलेली होती. म्हणजे अठराशे पोरं ज्या यादीमागे धावत होती ती त्यांचीच होती. त्यांच्या भिंतीवरची, त्यांच्या लाल पेनाची. शनिवारी पाकीट उघडलं असतं तर लोक म्हणाले असते, पाहा, बाईंना आत्ता कळलं ते चेगूंना एकोणीस वर्षं कळतंय. आता हे बोलायचं तर आधी हेही बोलावं लागणार होतं, की त्या दिवशी व्यासपीठावरून मी जे वाचलं ते खोटं होतं. स्वतःचंच चोरीला गेलेलं घड्याळ चोरबाजारात ओळखायचं, तर आपण तिथे कशासाठी गेलो होतो तेही सांगावं लागणार.

"भिंगाबद्दल माझे काही वेगळे विचार आहेत," ते म्हणाले.

"ऐकायला आवडेल," ओंगबाई म्हणाल्या, आणि त्यांना खरंच आवडलं असतं. हाच त्या बाईंचा वाईट गुण होता.

बुधवारी दुपारी चेगू बाजाराच्या शेडमध्ये गेले. परीक्षेला आठ दिवस होते. थिलगवती साच्यातून पीठ दाबत होती आणि समोर डब्याला टेकवलेल्या वहीवरून ओठांनी काहीतरी म्हणत होती. लंबकाची लांबी जितकी जास्त, तितका आंदोलनाचा काळ जास्त.

"बसा, चेगू," तिची आई म्हणाली. "दोन देऊ?"

"नको. हो, द्या." ते बाकावर बसले. "थिलगा, माझी यादी सोड. ओंगबाईंची कर."

तिचा हात साच्यावर थांबला. "का?"

"नवी माहिती आलीये."

ती पटकन खाली वाकली. आवाज अगदी बारीक केला. "फुटला, चेगू? पेपर फुटला? कोणाकडून कळलं?"

"फुटला नाही. असं काही नाही." चेगूंनी इकडेतिकडे पाहिलं. पेपर फुटल्याचा नुसता संशय आला तरी आमच्याकडे पोलीस शाळेत येतात, आणि आधी फिझिक्सच्या मास्तरांनाच बोलावतात. "माहिती म्हणजे तशी माहिती नाही."

"मग कशी?"

त्यांनी दुसरं कारण शोधलं. शनिवारी लंबकासाठी दहा मिनिटं पुरेल एवढं सुचलं होतं. आज काहीच आलं नाही. समोर शेवया, वर गूळ, आणि ती मुलगी हात ओला ठेवून उभी.

"माझी खरी यादी तीच होती," ते म्हणाले. "पाचही. बाईंची आधी आली. मी तीच वाचली असती तर उतरवली असं दिसलं असतं. म्हणून दुसरी वाचली."

थिलगवतीनं साचा खाली ठेवला. आईनं गुळाचा चमचा खाली ठेवला.

"म्हणजे चार दिवस," मुलगी सावकाश म्हणाली, "मी हे नको ते पाठ केलं. तुम्हाला चेगू ओंगचा हेवा वाटला म्हणून."

"हो."

"करवतीचं पातंसुद्धा?"

"पातं तर कधीच येणार नाही."

"तेच मला सगळ्यात चांगलं आलंय," ती म्हणाली, आणि तिच्या आईला हसू आवरेना. म्हातारी तमिळमध्ये काहीतरी बोलली. चेगूंनी अर्थ विचारला नाही. तिचा हात डोक्याकडे गेला होता, तेवढ्यावरून समजलं.

"माझ्यासारखे अजून चार आहेत," थिलगवती म्हणाली. "फक्त तुमचीच करणारे. त्यांना मी सांगू का तुम्ही सांगणार?"

चेगूंनी शेवया संपवल्या. "उद्या शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत आण सगळ्यांना. मी सांगतो. आणि शिकवतो. पण ही गोष्ट त्या खोलीबाहेर जाता कामा नये."

गुरुवारी त्यांनी पाच मुलांसमोर सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते सोपं जाईल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. मग रोज संध्याकाळी एकेक प्रयोग. पाणी झालं, टाचण्या झाल्या, तापमान झालं. तारेच्या दिवशी ओंगबाई दारात आल्या. "इथे उजेड दिसला म्हणून," त्या म्हणाल्या. "मी बसू?"

नाही म्हणायला कारण हवं होतं. चेगू तिसऱ्यांदा सांगत होते की प्रत्येक लांबीला विद्युतधारा तीच का ठेवायची, आणि थिलगवती तिसऱ्यांदा मान हलवत होती, ज्या मानेला काही अर्थ नसतो. ओंगबाई उठल्या, फळ्यावर दोन नळ काढले, एक लांब पाइपाचा, एक आखूड, आणि म्हणाल्या, "पाणी दोघांतून सारखंच सोडलं तरच कळेल ना पाइप कोणता अडवतो?"

"अच्छा," थिलगवती म्हणाली. "असं होय."

तार तिथून पुढे ओंगबाईंनीच शिकवली. चेगू कोठारात भिंग आणायला गेले. भिंग दारालगतच्या फळीवर होतं. त्यांना यायला वेळ लागला.

परीक्षेच्या दिवशी पेपर सुटला तसा सभागृहाबाहेर कल्ला झाला. तारेची लांबी आणि रोध आली होती. दुसरा प्रश्न दोन्ही याद्यांत नव्हता, पण त्याची कोण आठवण काढतो. पोरांनी अंगणात ओंगबाईंना घेरलं. इपोहहून फोन येत होते.

"ऐका," ओंगबाई मोठ्यानं म्हणाल्या. "ती यादी माझी नाही. चेगू बद्रुलच्या तक्त्यावरून काढली होती. एकोणीस वर्षांचं काम आहे त्यांचं. टाळ्या त्यांच्यासाठी वाजवा."

पोरं हसली. काहींनी चेगूंकडे बघून टाळ्या वाजवल्याही. लंबक सांगणाऱ्या म्हाताऱ्याला बाईंनी किती सांभाळून घेतलं, अशा टाळ्या. फौझियाबाई कठड्याला रेलून म्हणाल्या, "बघा, एवढं मिळून पाय जमिनीवर आहेत पोरीचे. असं वळण हल्ली कुठे दिसतं?"

"दिसत नाही," चेगू म्हणाले.

थिलगवती गर्दीतून बाहेर पडून त्यांच्यापाशी आली. "चेगू, बाईंनी खरं सांगितलं तरी कोणी मानत नाहीये. सांगू का मी सगळ्यांना?"

चेगूंनी विचार केला. अर्धं सांगता येण्यासारखं नव्हतं.

"नको. पेपर कसा गेला ते सांग. पहिल्यापासून."

तिनं सांगितलं. अनुमान, गृहीतक, हेतू, सगळं नीट होतं. अमीटर एकसरीत, व्होल्टमीटर समांतर. लांबी पाच वेळा बदलली, तक्ता, आलेख. चेगू बोटांवर गुण मोजत गेले. दहा बोटं भरली, अकरावा आला. पन्नासाला ते पुरेल असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी एक श्वास सोडला.

"तारेची जाडी तीच ठेवायची, हे लिहिलंस?"

ती थांबली. "ते राहिलं."

"राहिलं?"

"बाईंनी सांगितलं होतं का ते?" थिलगवतीनं आठवून पाहिलं. "नाही बहुतेक. धारेचं सांगितलं होतं, तेवढं मी लिहिलं."

"एक गुण गेला," चेगू बद्रुल म्हणाले. ते अंगणाकडे पाहत होते, जिथे अजून फोटो काढणं चाललं होतं. "काही हरकत नाही. फार लहान चूक आहे. शिकवताना होते नवीन माणसाकडून."